गणपतराव देशमुख, सांगोला आणि शेकाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुख कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर अकरा वेळा निवडून आलेले आमदार. जन्म 10 ऑगस्ट 1926, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. पहिली निवडणूक 1962 साली जिंकली, शेवटची 2014 साली. मधल्या काळात दोनदा मंत्री झाले, एकदा विरोधी पक्षनेते झाले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते 94 वर्षांचे होते. तालुक्यात ते आबासाहेब. पक्षाच्या पत्रकावर मात्र 'भाई गणपतराव देशमुख', कारण शेकापमध्ये लहानथोर सगळेच भाई.

विलासराव देशमुखांचे ते कोण लागत होते?

कोणीच नाही. विलासराव लातूरजवळच्या बाभळगावचे, काँग्रेसचे. 1999 साली गणपतराव त्यांच्याच मंत्रिमंडळात होते, त्यामुळे हा घोळ होतो.

ते नेमके कधी जिंकले आणि कधी हरले?

जिंकले ती वर्षं अशी: 1962, 1967, 1974 (पोटनिवडणूक), 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. हरले दोनदा, 1972 आणि 1995 साली.

ही यादी नुसती वाचून पुढे जाऊ नका, आजूबाजूला काय चाललं होतं ते आठवा. 1972 ला राज्यात काँग्रेसची लाट होती. 1980 ला इंदिरा गांधी परत आल्या. 1985 ला राजीव गांधींचा जोर होता. 1990 ला शिवसेना-भाजप युती पहिल्यांदा विधानसभेला एकत्र उतरली. 2014 ला मोदी लाट होती आणि राज्यातले चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढत होते. यातली फक्त 1972 ची लाट त्यांना भोवली. दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि ते परत सभागृहात आले.

1995 चा पराभव 192 मतांचा. जिंकले होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, 2022 साली गुवाहाटीहून 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणून महाराष्ट्रभर गाजले तेच. सांगोल्याबाहेरच्या अनेकांना हा तालुका त्या एका फोनमुळे कळला. तालुक्यातल्या लोकांना मात्र देशमुख विरुद्ध शहाजीबापू हा सामना कित्येक निवडणुकांपासून पाठ होता.

54 वर्षं आमदार होते असं छापून येतं. बरोबर आहे का?

हिशेब करून बघा. 1962 ते 1972 दहा वर्षं, 1974 ते 1995 एकवीस, 1999 ते 2019 वीस. बेरीज 51 च्या आसपास येते. पहिल्या विजयापासून शेवटच्या कार्यकाळाच्या अखेरीपर्यंतचा काळ धरला तर 57 वर्षं होतात. 54 हा आकडा श्रद्धांजलीच्या लेखांमधून एकमेकांकडे सरकत गेलेला दिसतो.

आणि तो विक्रम? देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार तेच ना?

महाराष्ट्रात होय. देशात नाही. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी 13 वेळा निवडून आले. तेही एका छोट्या प्रादेशिक पक्षाचेच, केरळ काँग्रेसचे. पुथुपल्लीतून ओमन चंडी 12 वेळा आले. करुणानिधीही 13 वेळा आले, पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. गणपतरावांचं नाव मोठं करायला 'विश्वविक्रम' हा शब्द वापरायची काही गरज नाही. मणी आणि करुणानिधी यांच्या पक्षांना आपापल्या राज्यात सत्तेचं वारं बराच काळ मिळालं. शेकापला ते कधी धड मिळालं नाही. तुलना करायचीच तर या अंगाने करावी.

शेकाप हा पक्ष आला कुठून?

1947 साली काँग्रेसमधल्याच बहुजन नेत्यांनी तो उभा केला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे ही त्यातली आघाडीची नावं. स्वातंत्र्य आलं, पण कुळांचं, शेतमजुरांचं काय, हा त्यांचा सवाल होता. 1950 च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या धोरणपत्रात, पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली. लाल बावटा आला आणि त्याबरोबर आतली भांडणंही आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष पुढे होता. 1960 च्या दशकात विधानसभेतला मुख्य विरोधी पक्ष शेकापच होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते.

मग यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं. जेधे त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. पुढे मोरे गेले, यशवंतराव मोहिते गेले, जिल्ह्याजिल्ह्यातले कर्ते लोक गेले. साखर कारखाना हवा, जिल्हा बँक हवी, तर काँग्रेसमध्ये या, असा साधा हिशेब होता. जे गेले नाहीत ते रायगडात, सांगोल्यात, नांदेड-लातूरच्या काही पट्ट्यांत उरले. एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, दत्ता पाटील आणि गणपतराव हे त्या न गेलेल्यांपैकी.

त्यांना बोलावणं आलं नाही असं थोडंच आहे?

एवढी वर्षं निवडून येणाऱ्या माणसाला कोणता पक्ष नको म्हणेल? ते गेले नाहीत एवढं पक्कं. याला तत्त्वनिष्ठा म्हणतात आणि ती होतीच. पण एक व्यवहारी बाजूही आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सांगोल्यात काँग्रेस हाच प्रतिस्पर्धी होता. गावागावांत एक गट काँग्रेसचा, दुसरा शेकापचा, अशी विभागणी दोन-तीन पिढ्या मुरलेली होती. गणपतराव उद्या काँग्रेसमध्ये गेले असते तरी त्यांचा गट तिथल्या जुन्या गटाशेजारी मांडीला मांडी लावून बसला नसता. लाल बावटा हीच त्या गटाची ओळख होती.

सांगोल्यात ते इतक्या वेळा कसे निवडून आले?

पाण्यामुळे, म्हणजे पाणी नसल्यामुळे.

सांगोला पर्जन्यछायेत आहे. माण नदी तालुक्यातून वाहते म्हणण्यापेक्षा तिचं पात्र तालुक्यातून जातं म्हणणं बरं. अशा ठिकाणी आमदाराकडे लोकांचं काम काय असतं? टँकरची खेप वाढवून द्या. चारा छावणी मंजूर करा. रोजगार हमीचं काम काढा, नाला बांध असो की पाझर तलाव. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, आली तर ते पाणी टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटापर्यंत पोचवा. शेवटच्या कामात खरी कसोटी लागते. वरच्या तालुक्यांत मोठे नेते, त्यांचे ऊसवाले शेतकरी, वाटेत दारं उघडलेली. कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांना पाणी मिळवून द्यायचं तर दर आवर्तनाला अधिकाऱ्यांच्या मागे लागावं लागतं, कालवा सल्लागार समितीत भांडावं लागतं, आणि ते भांडण पुढच्या हंगामात पहिल्यापासून सुरू करावं लागतं. अर्धं शतक हे करायला चिकाटी लागते. भाषणं तर कोणीही करतं.

दुसरा भाग आटपाडीच्या पाणी परिषदेचा. 1990 च्या दशकात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने 13 दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी राहिली. सांगली, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांतल्या कोरडवाहू भागांना कृष्णेचं पाणी समन्यायी वाटपाने मिळावं ही मागणी. गणपतराव आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर त्यात होते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 2000 सालापर्यंत अडवायचं होतं, त्यामुळे घाई होती. 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांची कामं पुढे सरकली. ही कामं वर्षानुवर्षं रखडली हेही खरं, आणि सांगोल्याच्या सगळ्या गावांना पाणी मिळालं असं कोणी म्हणू नये. पण या प्रश्नावर वेगवेगळ्या पक्षांचे लोक एका मांडवात बसले, आणि छोट्या पक्षाच्या माणसाला अशा मांडवात जी किंमत येते ती विधानसभेत येत नाही.

तिसरं कारण डाळिंब. कमी पाण्यावर येणारं पीक, ठिबकवर तगणारं. अजनाळ्यासारख्या गावांत डाळिंबाने बंगले उभे राहिले. पुढे तेल्या आणि मर रोगाने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. हे श्रेय आमदाराचं नाही, शेतकऱ्यांचं आहे, आणि ते त्यांनाच द्यावं. एवढंच म्हणता येईल की चार पैसे हातात आलेला शेतकरीही आबासाहेबांनाच मत देत राहिला. दारिद्र्यावर जगणारं राजकारण असतं तर बंगल्यांबरोबर ते संपलं असतं.

जातीच्या मतांवर ते निवडून येत, असं ऐकलं आहे.

ते धनगर समाजाचे होते आणि सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे. याचा फायदा झाला नाही असं म्हणणं भाबडेपणा होईल. पण नुसत्या त्या मतांवर अकरा वेळा येता येत नाही, आणि त्याच मतांवर 1972 व 1995 ला पडताही आलं नसतं. शिवाय शेकाप हा मुळात मराठा-बहुजन शेतकऱ्यांचा पक्ष. तालुक्यात त्यांच्या गटात सगळ्या जातींचे सरपंच आणि पंचायत समिती सदस्य होते.

मंत्री म्हणून काय केलं?

दोनदा मंत्री झाले, आणि दोन्ही वेळा सरकारं आघाडीची होती. पहिली वेळ 1978 ची. शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बनवलं, त्यात शेकाप होता. एन. डी. पाटीलही त्याच मंत्रिमंडळात सहकारमंत्री होते. फेब्रुवारी 1980 मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. त्याआधी 1977-78 मध्ये गणपतराव विरोधी पक्षनेते होते, म्हणजे विरोधी बाकावरून थेट मंत्रिपदावर.

दुसरी वेळ 1999 ची. विलासरावांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. शेकापचे आमदार पाच. रोजगार हमी हे खातं इतरांना दुय्यम वाटतं, पण ज्याच्या तालुक्याने 1972 चा दुष्काळ खडी फोडून काढला त्याला ते तसं वाटणार नाही. महाराष्ट्राची ही योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली, तिचा कायदा 1977 चा. मागेल त्याला काम, असं कायद्याने सांगणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, तो पगारातून अजून कापला जातो.

मग 2002 मध्ये मंत्रिपद का गेलं?

ही गोष्ट मुंबईत सुरूच झाली नाही, ती अलिबागेत सुरू झाली. रायगड जिल्हा परिषद हा शेकापचा बालेकिल्ला. तिथे राष्ट्रवादीच्या स्थानिक नेत्यांनी शिवसेनेशी हातमिळवणी करून शेकापला सत्तेबाहेर काढलं. राज्यात मित्र आणि जिल्ह्यात शत्रू, हे शेकापला सहन होईना. पाच आमदारांच्या पक्षाने पाठिंबा काढला, आणखी काही आमदार डळमळले आणि जून 2002 मध्ये विलासरावांना विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जावं लागलं. सरकार वाचलं. गणपतरावांचं मंत्रिपद मात्र गेलं.

छोट्या पक्षाचं राजकारण कसं चालतं ते या प्रसंगात लख्ख दिसतं. मोठ्या पक्षाचा मंत्री एका जिल्हा परिषदेसाठी खुर्ची सोडत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या तीस असतात. शेकापकडे धड अशी एकच होती. ती गेल्यावर मुंबईतल्या खात्याचा पक्षाला उपयोग तरी काय होता? आणि सांगोल्याच्या मंत्र्याने रायगडाच्या भांडणासाठी पद सोडलं, त्याबद्दल त्यांच्याच तालुक्यात सगळे खूश असतील असं मला वाटत नाही.

दोन-तीन आमदारांच्या पक्षाचा माणूस विधानसभेत करू काय शकतो?

बरंच काही, नियम माहीत असतील तर.

चर्चेत वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. तीन आमदारांच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि तीही बहुधा रात्री उशिरा, सभागृह अर्धं रिकामं असताना. त्यामुळे अशा सदस्याने भाषणांवर विसंबून राहायचंच नसतं. त्याची हत्यारं वेगळी. तारांकित प्रश्न लावला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना. अर्थसंकल्पावर कपात सूचना. कामकाज नियमाला सोडून जात असेल तर औचित्याचा किंवा हरकतीचा मुद्दा.

यातली लक्षवेधी जरा जवळून बघू. आमदार सूचना देतो, ती स्वीकारली गेली की संबंधित खात्याकडे जाते. खातं जिल्ह्यातून माहिती मागवतं. म्हणजे अमुक गावच्या तलावाचं काम का थांबलं हे मंत्र्याला कळण्याआधी तिथल्या उपअभियंत्याला लिहून द्यावं लागतं. पुष्कळदा लक्षवेधी पुकारली जाण्याआधीच काम हलतं, कारण कागदावर 'प्रगतिपथावर' असं लिहायची सोय व्हावी लागते. जुन्या आमदारांना हे पक्कं ठाऊक असतं. गणपतरावांना तर पाच दशकांचे संदर्भ तोंडपाठ होते. कोणत्या सरकारने कोणत्या अधिवेशनात काय कबूल केलं होतं हे सांगणारा माणूस समोर बसला की सचिवांनाही फाईल नीट वाचून यावं लागतं. आणि पक्षाला वेळ कमी असला तरी सर्वांत ज्येष्ठ सदस्य उठला की अध्यक्ष सहसा दोन मिनिटं वाढवून देतात.

खरंच एसटीने फिरायचे का?

हो. एसटीत खिडकीशेजारी आमदारांसाठी राखीव अशी अक्षरं रंगवलेली असतात, त्या जागेवर खरोखर आमदार बसलेला बहुतेकांनी पाहिलेला नसतो. सांगोल्याच्या लोकांनी पाहिला. मुंबईत ते आमदार निवासातच राहत. याच्या कथा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक मरणोत्तर लेखात त्याच असतात. साधेपणा खरा होता. पण साधेपणावर निवडून येत असते तर सर्वोदयी कार्यकर्ते कधीच मुख्यमंत्री झाले असते. एसटीचा उपयोग वेगळा होता, असं मला वाटतं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस सांगोल्यापर्यंत उठून जाऊ शकत नाही, आणि आमदारही नाही.

स्थानिक संस्थांमध्ये त्यांचं वजन किती होतं?

विधानसभेची जागा हे टोक, पाया खाली. पंचायत समिती, बाजार समिती, गावोगावच्या सोसायट्या, दूध संस्था यांत शेकापचा गट वर्षानुवर्षं टिकून होता. तिथली बेरीज चुकली की विधानसभेला 192 मतं कमी पडतात.

सर्वांत बोलकं उदाहरण शेतकरी सहकारी सूतगिरणीचं. सांगोल्यात कापूस फारसा पिकत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. तरी तिथे सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचे सांगाडे पुष्कळ आहेत: भागभांडवल सरकारचं, संचालक मंडळ नेत्याच्या घरचं, यंत्रं भंगारात. सांगोल्याची गिरणी चांगल्या कारभारासाठी नावाजली गेली. ऊस पट्ट्यात नेत्याची ताकद साखर कारखान्यावरून मोजतात, इथे ती सूतगिरणीवरून मोजत.

एवढे लोकप्रिय होते तर पक्ष का वाढला नाही?

हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांना आवडत नाही. आकडे बघा. शेकापचे 1978 ला 13 आमदार, 1999 ला 5, 2014 ला 3: सांगोला, अलिबाग आणि पेण. 2019 ला 1, तोही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यातून.

पक्षाचे दोन बालेकिल्ले उरले, रायगड आणि सांगोला. रायगडात पक्ष एका कुटुंबाभोवती फिरत होता, सांगोल्यात एका माणसाभोवती. दोघांना एकमेकांची फारशी गरज नव्हती. गणपतरावांनी सांगोला सांभाळला तसा शेजारचा एकही तालुका उभा केला नाही. मंगळवेढा, आटपाडी इथे प्रश्न तेच होते, दुष्काळ तोच होता. पाणी परिषदेला तिथून माणसं येत, पण मतदानाला लाल बावट्याकडे वळत नसत. कारण सरळ आहे. तालुक्यातल्या कालव्याच्या टेलवर जो वेळ जातो, तो राज्यभर फिरायला उरत नाही. एका मतदारसंघाची इतकी निगराणी आणि पक्षबांधणी, दोन्ही एका माणसाला जमणारी नव्हती. त्यांनी पहिली निवडली. दुसरी कोणीच केली नाही, आणि याचा दोष त्यांच्या एकट्याचा नाही.

शेकापची राज्य पक्ष म्हणून असलेली मान्यता गेली, म्हणजे पक्षाचं नेमकं काय गेलं?

राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर विधानसभेला 6 टक्के मतं आणि 2 जागा, किंवा एकूण जागांच्या 3 टक्के जागा, असे निकष आहेत. महाराष्ट्रात 288 च्या 3 टक्के म्हणजे 9 जागा. मान्यता नसली की हक्काचं राखीव चिन्ह राहत नाही. शेकापचं जुनं चिन्ह खटारा. ज्या म्हाताऱ्या मतदाराने आयुष्यभर खटाऱ्यावर शिक्का मारला, त्याला ऐन निवडणुकीत दुसरं चिन्ह समजावून सांगणं हे कार्यकर्त्याचं खरं दुखणं असतं.

2019 नंतर सांगोल्यात काय झालं?

वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेकडून लढलेल्या शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. त्यानंतर दोन वर्षांनी आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच लढले आणि शहाजीबापूंना मोठ्या फरकाने हरवून निवडून आले. त्या विधानसभेतला शेकापचा तो एकमेव आमदार.

म्हणजे शेवटी घराणेशाहीच ना?

बाहेरून तसंच दिसतं, आणि आक्षेप घेणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही. गणपतराव हयात आणि सक्रिय होते तोवर घरातलं दुसरं कोणी पुढे नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगता येतं. पण दुसऱ्या फळीतला, घराबाहेरचा माणूसही पुढे नव्हता. अर्धं शतक तिकिटाचा प्रश्नच आला नाही, त्यामुळे तिकीट कसं ठरवायचं याची सवयच पक्षाला राहिली नाही. प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना पटेल असं एकच आडनाव होतं.

त्यांच्यावर अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

गौरवग्रंथांपासून करू नका. विधानसभेच्या कार्यवाहीचे छापील खंड बघा: 1962 पासूनचे, प्रश्नोत्तरांचा भाग आधी. निवडणूक आयोगाचे दर निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल मिळतात, त्यातून सांगोल्याची उमेदवारवार मतं उतरवून घ्या. 1990, 1995 आणि 1999 हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवा. मग सांगोल्याला जा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी साठीच्या पुढच्या माणसांशी बोला. शेकापवाल्यांशी बोलाल तितकंच काँग्रेसच्या जुन्या गटातल्या लोकांशीही बोला. 1995 ला कुठल्या गावात किती मतं फिरली हे ते जास्त नेमकं सांगतील.